बँडेजचा कोपरा

ड्रेसिंगच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक आजोबा नडगीला बँडेज बांधून बसले होते. पलीकडे आजी.

“अहो, परत कोपरा उचललात?”

“चिकटली का बघतोय. मांडीची कातडी नडगीवर आणून लावलीये. नव्या जागी करमतंय का तिला, बघायला नको?”

“डॉक्टर काय म्हणाले? पेशींना बारीक बारीक हात असतात. आधी त्या खालची जमीन घट्ट पकडतात, मग शेजारणीचा हात धरतात. आणि तुम्ही मेलं सारखं उचकटताय!”

“एवढंसं तर उचललं.”

“तेवढ्यानंच सुटतात बिचाऱ्यांचे हात. नाही चिकटली, तर दुसऱ्या मांडीची काढतील. मग झोपाल कुठल्या कुशीवर?”

“बरं बाई, नाही उचलत. तू कुणाला फोन लावतेयस?”

“धाकटीला. लग्न होऊन नवीन घरी गेलीये, रुळली की नाही कोण जाणे.”

“सकाळी लावला होतास ना?”

“सकाळी धड बोललीच नाही. सासूबरोबर भाजी निवडत बसली होती. हसण्याचा आवाज येत होता दोघींचा.”

“म्हणजे ती शेजारणीचा हात धरत होती, आणि तू कोपरा उचललास.”

“काहीतरीच तुमचं!”

“ठेव तो फोन पर्समध्ये.”

“ठेवला. पण तुमच्या पायाचं काय झालं, ते तिला कळवायला नको?”

“अगं, अजून बँडेज सोडलंय कुठे?”

“हो ना. तेवढंच सांगते.”