मरेपर्यंतचं लग्न

हृदयाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

“अगं, जावई मॉर्मन पंथाचा म्हणजे आपल्याहून वेगळा कसा?”

“येशूला तेही मानतात. पण आपला पिता, पुत्र, आत्मा मिळून देव एकच. त्यांचे तिघं वेगवेगळे. आणि त्यांच्या मंदिरात लागलेलं लग्न मेल्यावरही टिकतं.”

“बाप रे! आपलं?”

“मरेपर्यंतच. पाद्रीसाहेबांनी तसंच वदवून घेतलं होतं.”

“म्हणजे तू सुटणार!”

“चाळीस वर्षं दिवस मोजतेय.”

“त्यांना कॉफी मात्र वर्ज्य, एवढं मला माहीत आहे. तुझी एक सकाळ निभायची नाही.”

“आजोबा, चला, ऑपरेशनची वेळ झाली.”

“आलो, सिस्टर.”

“अहो, थांबा. जुनी लग्नंही तिथे पक्की करून देतात का, जावयाला विचारते.”

“आणि कॉफी?”

“सोडली. जा आता.”