गुंजीची चार पेडांची येनी

ऐका. त्या बिडीचा धूर तिकडं सोड रं बिरू, म्हाताऱ्या मानसाला ठसका लागतो. आन मगाशी कोन म्हनलं, वढ्याच्या वाटंनं गेलो तर घर जवळ पडतं म्हनून? तूच ना? बस खाली. पयलं ऐक, मग जायाचं का न्हाय ते ठरव.

जोतीराम घोडेवाला दिवस मावळल्यावर निघाला. एकटाच. हातात लगाम, मागनं घोडी. वर बसला न्हाय, चालतच निघाला. पलीकडच्या गावात लगीन व्हतं, नवरदेवाला मिरवायला घोडी सांगितल्याली. आन तितनं त्याला परत लावून दिला. का? तर घोडीला शेपूट न्हाय, आयाळ न्हाय. म्हंजी शेपूट व्हतं, पन झिजल्याल्या केरसुनीगत. आयाळ पार कातरल्याली. नवरदेवाची आजी म्हनली, "ह्या घोडीला सुतक हाय व्हय? हिच्यावर माझा नातू न्हाय बसायचा." म्हातारी काय खोटं बोलली न्हाय बगा. सुतकच व्हतं ते.

आता ते आधी सांगते, न्हायतर तुमाला काय कळायचं न्हाय. जोतीरामला एकच लेक, हौसा. बायको बाळंतपनात गेली, लेक पदरात टाकून. त्यानं दुसरं लगीन केलं न्हाय. म्होरल्या सालाला त्याची घोडी याली आन गुंजी जलमली. तांबडीलाल. माझी एक लेक चुलीपाशी आन एक दावनीला, आसं म्हनायचा तो.

हौसाला त्या घोडीचं येड. सकाळी उठली की आधी गुंजीची येनी, मग स्वताची. आन कशी? चार पेडांची. तुमच्या बायका तीन पेडांची घालत्यात. ही पोरगी चार पेड घ्यायची आन मधनं लाल दोरा ववायची. शेपटाला तेल लावून आशी इंचरायची, की घोडी मान खाली टाकून, खालचा ओठ लोंबवून, डोळं झाकून उभी. वरातीत मानसं नवरदेव सोडून घोडीकडं बगायची. ऐकीव न्हाय सांगत मी. माझं मालक नालबंद व्हतं. गुंजीला नाल आमच्या दारात ठोकायचं, आन ही पोरगी तिचं तोंड धरून उभी असायची.

ती हौसा तापानं गेली. अजून परकरातच व्हती. वढ्याच्या काठाला करंजाचं झाड हाय, त्याच्या बुडाला तिला माती दिली.

दहाव्याला जोतीराम न्हाव्याम्होरं जाऊन बसला, डोई भादरायला. मानसं म्हनली, "खुळा का काय तू? लेकरानं बापाची करायची. बापानं लेकराची करत न्हाईत." उठवला त्याला. बरोबर हाय, रीतच हाय ती. पन त्याला काय तरी द्यायचं व्हतं हो तिला. रिकाम्या हातानं कसा परत येनार? घरी आला, मेंढरं कातरायची कातर घेतली, आन गुंजीम्होरं उभा राह्यला. म्हनला, "मोठी भन गेलीया तुझी. पाठचीनं केसं द्यायला नगंत का?" आन कातरली. आयाळ कातरली, शेपूट कातरलं. हौसानं अंथरून धरायच्या आधी घातल्याली येनी तशीच व्हती, ती पन कातरली. आन ती सगळी केसं नेऊन तिच्या मातीत पुरली.

तितंच चुकलं त्याचं. मेलेल्याच्या हातात काम द्यायचं नसतं.

तर आता परत वाटंवर या. जोतीराम सडकंनं आला असता, पन सडकंला मानसं भेटनार, का रं परत आलास म्हनून इचारनार. त्यापरीस वढा बरा. अंधार पडल्याला. पान्यात पाय टाकला आन गुंजी थांबली. लगाम वढला. न्हाय. च्यक च्यक केलं. न्हाय. वळून बगतो तर घोडीची मान खाली, ओठ लोंबल्याला, डोळं झाकल्यालं. घोडी आशी कवा उभी राह्यची, ते त्याच्याशिवाय कुनाला ठावं? मग आवाज आला. खस्स. खस्स. केसातनं फनी फिरती तसा.

पळाला. घोडीला वढत वढत घर गाठलं, कंदील लावला, वर धरला. बोटभर उरल्याली आयाळ ईतभर झाल्याली. आन तिची येनी घातल्याली. त्यानं पेड मोजलं. चार.

तुमी काय केलं असतं? देवऋषी गाठला असता. मीबी गाठला असता. जोतीराम त्या येनीवर गाल ठेवून रातभर रडला, आन दुसऱ्या दिवशी दिवस कवा मावळतोय म्हनून वाट बगत बसला.

मग काय, रोजचंच झालं. अंधार पडला की घोडी घ्यायची आन वढा गाठायचा. आयाळ खांद्याखाली आली. शेपूट गुडघ्याला आलं, मग खुराला आलं. केसं तरी कशी, काळीभोर, कंदिलात चमकायची. मधी लाल दोरा. दोरा कुठनं आला इचारू नगा, मला ठावं न्हाय. गावात मानसं तोंडात बोट घालायला लागली. जो तो इचारी, "जोतीराम, कसलं तेल लावतोस रं?" ह्यो म्हनायचा, "एरंडेल." आमच्या गावच्या बायकांनी तवा डोक्याला एरंडेल चोपडून चोपडून उशा खराब केल्या. हसा हसा. मीबी त्यातलीच.

पन ऐका म्होरं.

एका राती ती बोलली. "आबा, मागं बगू नगा."

ह्यानं मान तशीच म्होरं धरली. म्हनला, "का गं बाळा?"

"मी आता पयल्यावानी दिसत न्हाय. तुमी नुसतं बोला."

आन ह्यो बोलला. काय बोलावं? शेळीला दोन करडं झाली म्हनून सांगितलं. शेजारच्यांनी परसात भिताड घातलं म्हनून सांगितलं. ती मागनं फनी फिरवतीया आन हुं हुं करतीया. मग म्हनली, "आबा, भाकरी कोन थापतंय?"

"मीच की."

"करपत असंल."

"करपती."

हसली ती. जोतीराम मला म्हनायचा, "वैनी, त्या हसन्यापायी मी रोज मेलो असतो." आता सांगा, ह्या मानसाला कोन भूत म्हनून भीती घालनार?

आन हिकडं गुंजी खंगत चालली. दाना ठेवला तर हुंगून सोडायची. बरगड्या मोजून घ्याव्यात आशी झाली. आन शेपूट मातीतनं वढत जातंय, इतकं लांब. एकदा नाल बदलायला आनली. मालकांनी पाय उचलला, तर घोडी तीन पायांवर उभी ऱ्हाईना. मालकांनी तिला दारातनं फिरवून बगितली, आन मग एक गोष्ट आमी दोघांनी बगितली. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. आन घोडीचं शेपूट वढ्याच्या अंगाला ताठ झाल्यालं, पलीकडनं कुनी तरी धरल्यावानी. घोडीचं तोंड वळवलं, तरी शेपूट वढ्याकडंच.

मालकांनी हातोडी खाली ठेवली. म्हनलं, "जोतीराम, हिच्या अंगात काय उरलं न्हाय. समदं केसात चाललंय. तू कुठं जातोस ते मी इचारत न्हाय. पन आता जाऊ नगंस. घोडी जाईल, आन मागनं तू."

जोतीरामनं लगाम धरला. घोडी घेऊन गेला. आन त्याच राती परत वढ्यावर.

म्हनला, "हौसा, गुंजी लई वाळलीया गं. आता बास कर."

मागनं फनी चालूच. खस्स. खस्स. "थोडंच राह्यलंय आबा. तुमी दमलाय. बसा खाली. तुमचं पन डोकं इंचरते."

बसला. पान्याच्या कडंला, चिखलात, तसाच बसला. आन त्याच्या डोक्यात बोटं फिरली. गार. पन तीच बोटं, वळखीची. बारकी असताना ती तशीच त्याच्या डोक्यातनं बोटं फिरवायची आन तो जेवता जेवता डुलक्या घ्यायचा. आताबी डोळं मिटाय लागलं. मानंवर काय तरी वळवळलं. त्याचीच केसं. वाढत व्हती. कानावर आली, खांद्यावर आली, पोटावर आली. त्याला कळत व्हतं हो समदं. पन उठावं वाटंना. कशाला उठायचं? कुनासाठी?

तवर धप्प आवाज झाला. गुंजी गुडघ्यावर पडली, पान्यात. नाकातनं नुसता वारा. वरडायची पन ताकद न्हाय.

जोतीराम झोपेतच म्हनला, "हौसा, ती मरंल गं."

आन मागनं लाडात आलेल्या पोरीवानी आवाज आला, "मरू द्या की आबा. मग ती पन हितंच ऱ्हाईल. तुमी पन."

तितं त्याचं डोळं उघडलं. आरं, जी पोरगी गुंजीनं खाल्ल्याबिगर तोंडात घास घालत नव्हती, ती ह्ये बोलंल? तापात पडली तवाबी इचारत व्हती, घोडीला पानी दावलं का म्हनून. त्यानं कमरंला हात घातला. कातर तितंच खोचल्याली. मालकांचं बोलनं ऐकून घेतल्याली, का आधीपासनंच, ते त्यानं कवा सांगितलं न्हाय.

पयलं स्वताची केसं कापली, मुठी मुठीनं. मग घोडीपाशी गेला. मागं न बगता. शेपूट धरलं, तर पलीकडनं कुनी तरी धरल्यालं. घट्ट. कातर लावली.

"आबा, दुखतंय."

हात थांबला. तुमचा न्हाय थांबला असता?

"आबा, परत कापताय? मी काय केलं?"

कापलं. रडत रडत कापलं. शेपूट कापलं, आयाळ कापली, चार पेडांची येनी बुडातनं कापली. गुंजीच्या पोटाखाली खांदा घातला आन तिला उभी केली. कसं केलं त्यालाच ठावं. आन चालाय लागला.

मागनं आवाज. आधी हौसाचाच, परकरातल्या पोरीचा. "आबा, थांबा." तो चालला. मग आवाज बारीक झाला, शाळंत जायच्या आधीच्या पोरीचा. "आबा, कडंवर घ्या." तो चालला. मग बोबडा. त्याला शब्द कळंनात, पन काय म्हनती ते कळत व्हतं. हुंदकं देत चालला, पन वळला न्हाय. आन शेवटाला, आमच्या घराचा दिवा दिसाय लागला तवा, मागं नुसतं तान्हं पोर रडलं. नुकतं जलमल्यालं. बायको गेली त्या राती त्यानं ऐकल्यालं, तेच रडनं. तेवढ्याला त्याची मान वळत आल्याली. गुंजीनं हिसका दिला. उभं ऱ्हाता येत नव्हतं त्या घोडीला, पन हिसका दिला आन त्याला आमच्या अंगनात वढून आनला.

दार मी उघडलं. त्याच्या डोक्यावर कुठं कातरल्यालं, कुठं बायकांवानी लांब केसं, वलीचिंब. मालकांनी त्याला आत घेतला. पाट मांडला, वस्तारा काढला आन पहाटंपर्यंत त्याची डोई भादरून दिली. रीत गेली चुलीत. भादरताना तो एकदाच बोलला. "मी माझ्या पोरीला दोनदा पुरली वैनी." मी पदर तोंडात घातला.

घोडी जगली. आयाळ परत आली, शेपूट परत आलं, पन देवानं दिलेल्या गतीनं. वरीस गेलं, वरसावर वरीस गेलं, तवा कुठं घोडी वरातीला जायाजोगी झाली. नाल ठोकायला आला की जोतीराम दर बारीला मालकांना इचारायचा, "ती हौसा नव्हती ना रं?" मालक म्हनायचं, "न्हाय रं, हडळ व्हती कुनी तरी." मान हलवायचा. घोडी घेऊन चार पावलं जायचा, आन थांबून म्हनायचा, "पन भाकरी करपती का ते तिनंच इचारलं." आन जायाचा. मरस्तवर हेच.

तवा ऐका. ती वाट कुनी धरायची न्हाय. भूत काय मानगुटीवर बसत न्हाय तितं, ते परवडलं असतं. तितं तुमचंच गेल्यालं मानूस मागनं तुमाला जेवलास का म्हनून इचारतं. ज्याचं कुनीच गेलं न्हाय, त्याला तितं नुसता वढा दिसतो, त्यानं खुशाल जावं. माझं मालक गेलं, तवापासनं मी त्या अंगाला पाय टाकला न्हाय. पाय वढतो, खोटं कशाला बोलू. रोज वढतो.

आता सांग बिरू, तुझं कुनी गेलं न्हाय का? आन तुझं गं? हात वर करा, कुनाचं गेलं न्हाय त्यानं.

एकबी हात न्हाय. मग झालं तर. समद्यांनी सडकंनं जायचं.