खुणेच्या वर

सून : आई, किल्ल्या बाहेर ठेवल्यात ना? मागच्या वेळी तुमचा जुडगा उडून ह्या औषधं तपासायच्या यंत्राच्या चुंबकाला चिकटला होता. दोघांनी ओढला तेव्हा निघाला.

सासू : मला नको शिकवूस. तू फ्रॉकमध्ये फिरत होतीस तेव्हापासून मी ह्याला थंडगार पातळ नायट्रोजन पाजत आले. बावीस वर्षं, दर सोमवारी. रिटायर झाले म्हणजे विसरले का? दुरुस्तीवाला काय म्हणाला ते सांग.

सून : उतरवा म्हणाला. संध्याकाळपर्यंत माझी सही हवीय.

सासू : उतरवा म्हणजे?

सून : आतल्या तारेतली वीज काढून घ्यायची. बावीस वर्षांपूर्वी एकदाच सोडलेली, अजून आतल्या आत फिरतेय.

सासू : आणि तुझा नवरा एक जिना चढला की बसतो. असलं इमानी यंत्र उतरवायचं?

सून : तार थंड ठेवणारा हेलियम टिकत नाही, आई. सहा महिने पुरायचा, आता सहा आठवडे. पुढची टाकी कधी येईल कुणी सांगत नाही. संपला तर तार तापेल, जळेल.

सासू : मग गळतंय कुठे ते शोधा.

सून : शोधलं. मानेजवळची रबराची कडी. कडक होऊन तडकलीय.

सासू : एवढंच ना? बदला की! मेलं रबर ते.

सून : बदलायलाही उतरवावाच लागतो. आणि इतका जुना पुन्हा चालू होईल, ही हमी कंपनी देत नाही. नवीन घ्यायचा नाही असं वरून ठरलंय. औषधांचे नमुने बाहेर तपासायला पाठवायचे, ही खोली स्टोअरला.

सासू : आणि तू?

सून : मीपण स्टोअरला. बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायला.

सासू : एवढं डोळे फोडून शिकलीस ती ह्यासाठी? रबर कडक कशानं झालं?

सून : होतं.

सासू : माझ्याकडे बघून बोल.

सून : नायट्रोजन सांडून. भरताना खुणेपाशी थांबायचं असतं. वर गेला की कडीवर ओघळतो, रबर गोठतं.

सासू : कुठली खूण?

सून : त्या तक्त्यावर लिहिलीय.

सासू : इंग्रजीत.

सून : हो.

सासू : मी ओसंडेपर्यंत भरायचे. पांढरा धूर पार जमिनीपर्यंत उतरला की बरं वाटायचं. म्हटलं, आपल्या हातून कमी पडायला नको. कुणी बोललं कसं नाही मला?

सून : तुमच्यापुढे बोलणार कोण? साहेबसुद्धा दार वाजवून आत यायचे.

सासू : तुला कधी कळलं?

सून : परवा. काळजी करू नका. रिपोर्टात कारण टाकलंय, ‘वय झाल्यामुळे’.

सासू : खोड ते.

सून : आई, त्यानं काय होणार? उतरायचा तो उतरणारच.

सासू : कळतंय मला. पण ह्या यंत्राच्या माथी मारू नकोस. माझं नाव घाल. आणि घातलंस की मला वाचून दाखव.