देवी न्हवं, घेरी!

न्हाई, पन मी म्हनते, बाईच्या जातीला साधी घेरी बी येऊ ने का? तुमाला सांगते, माझ्यावानी हाल कुनाचं झालं नसतील! सकाळी उठायचं म्हनलं की अंगावर कुनी उसाची मोळी टाकल्यागत जड, चुलीम्होरं बसले की तितंच डोळा लागायचा, भाकरीचा कोळसा व्हायचा, तोंड सुजल्यालं, आवाज बाप्यावानी घोगरा, चैताच्या उन्हात मी घोंगडं पांघरून बसल्याली... आन उभी ऱ्हायले की समदं उंब्रज गाव माझ्याभवती गरागरा! सासूबाईंस्नी म्हनलं, "आत्याबाई, मला घेरी येती वो." तर म्हनल्या, "साळू, तुझी घेरी बरी रानात भांगलायला जायच्या टायमालाच येती!" आता घेरीनं काय टाइम इचारून यायचं? पन ऐकतंय कोन!

तर त्या मंगळवारी देवीच्या देवळात आरती. संबळ वाजतोय, धुपाचा धूर, बायांची ही दाटी, आन माझं डोस्कं लागलं फिरायला. म्या खांब धराया गेले, तर खांबच बाजूला सरला! केस सुटलं, मी लागले डुलाया, हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं... आन शेजारची चंद्राबाई वरडली, "आली! आली!" मला वाटलं एस्टी आली! तर म्हनती, "साळूच्या अंगात आली!" म्या म्हनलं, "बायांनो, सरा जरा, वारं येऊ द्या..." तर म्हनत्यात कशा, "आवाज बघा की आवाज! ह्यो साळूचा आवाज हाय व्हय?" आगं माझाच हाय! पन ऐकतंय कोन! कपाळाला मळवट भरला, वटीत नारळ घातला, आन पाया पडाया पैली कोन? आत्याबाई! सकाळच्याला मला कुंभकर्नाची भन म्हनल्याल्या, त्या म्हनत्यात, "आई, चुकलंमाकलं पदरात घे!"

मग काय, दर मंगळवारी ह्योच कारेक्रम! चंद्राबाईनं इचारलं, "आई, माझी म्हस गाभन ऱ्हाईल का?" मला बोलायला तरान न्हवतं, झोपंनं मान आपसूक खाली पडली. "व्हय म्हनली!" आन त्या म्हशीला तरी काय अक्कल, ऱ्हायली की गाभन! झालं, पार कराडास्नं मानसं याला लागली. मी पाटावर, आत्याबाई वारा घालत्यात... खोटं कशाला बोलू, ते ग्वाड वाटायचं. पन आतनं लय भ्या वाटायचं वो! लेकीची येनी घालाया हात वर जाईना, बोललेलं ध्येनात ऱ्हाईना. वाटायचं, ही मानसं पाया पडत्यात, पडत्यात, आन एक दिस मी हितंच मरून जायाची, आन मेल्यावर माझंच देऊळ बांधत्याल!

तेवढ्यात आमचं धनी पलटनीतनं सुट्टीवर आलं. दारात ट्रंक ठिवली, बघत्यात तर बायकू पाटावर आन आई पंखा घेऊन! माझ्या तोंडाकडं बघितलं आन इचारलं, "तुला हुतंय काय?" आवं, एवढ्या दिसांत ह्यो सवाल कुनी केला न्हवता! मला रडूच आलं. म्हनलं, "घेरी येती वो!" तसं आईवर तडकलं, "आये, पलटनीत गड्याला चक्कर आली तर डाक्टरकडं नेत्यात, नारळ न्हाई फोडत!" आन बसवलं मला सांगलीच्या एस्टीत. आत्याबाई बी चढल्या, कुकवाचा करंडा घेऊन, वाटंत देवी आली तर असावा म्हनून!

डाक्टरनं टाचंवर हातोडी मारली, गळा चाचपला, रगात काढून पुन्याला धाडलं, आन पुढल्या खेपंला म्हनला, "हे पाहा, गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते. ती यांची आळशी झालीय." आत्याबाई टुनदिशी उठल्या, "आळशी! आवं डाक्टर, ह्येच मी लगीन झाल्यापासनं सांगतीया!" "आजी, बाई आळशी नाही हो, ग्रंथी!" "तिच्याच गळ्यात हाय न्हवं?" डाक्टरनं समजावलं की बिचाऱ्यानं... पन ऐकतंय कोन!

गोळी दिली, इवलीशी, रोज उपाशीपोटी घ्यायची, जल्मभर. हळूहळू सूज उतरली, आवाज बाईचा झाला, आन मग एका मंगळवारी संबळ वाजला तर मी आपली ताठ उभी! समदी वाट बघत्यात. चंद्राबाई ढोसतीया, "डुल की गं!" डुलू कशी, घेरीच येईना! आत्याबाई कानाशी आल्या, "मंगळवारची गोळी तेवढी चुकीव की, लांबनं मानसं आल्याती!" तवा मातुर म्या सगळ्यांदेखत ठनकावलं, "आत्याबाई, मला जगायचंय!" आत्याबाईंनी मानसांकडं बघितलं, नारळांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन आंबाडा सोडून सवताच घुमाया लागल्या!

आता मंगळवारी त्या पाटावर, आन बाकीचं दिस देवीनं अंग मोडलं म्हनून बाजेवर! भांगलन माझी, भाकऱ्या माझ्या, धारा माझ्या, वर वारा बी म्याच घालायचा. काल म्हनलं, "आत्याबाई, आज लय दमले वो." तर डोळं मिटूनच म्हनत्यात, "दमलीस कशी? गोळी घेतीस न्हवं?"