नदीकडची बाजू

बाबा : किल्ली? घराला किल्ली कशाला? मासे काय पळून जाणार आहेत?

नेलिदा : मुख्य भूमीवरच्या नव्या गावातली सगळी घरं कुलपाचीच आहेत, बाबा. उद्या सामान न्यायचंय. येताय ना?

बाबा : तू जा. इथे होडी माझ्या दारात आहे. तिथून समुद्र गाठायला अर्धा तास चालायचं. कोळ्याला डोंगरावर नेऊन काय वाळत घालणार आहेस?

मावशी : दारात कसली, भावोजी! परवाच्या भरतीत होडी घरात आली होती. माझी चूल विझली.

बाबा : मग उंच मांड चूल.

मावशी : दरवर्षी तेच करतेय. आता नारळाचा रस्सा ढवळायला शिडी लागेल.

बाबा : तू तरी कुठे कायमची निघालीयस?

मावशी : मी येऊन-जाऊन राहणार. पाहुण्यांची बोट बेटावरच लागते, मी शिवलेले मोले, ती रंगीत नक्षीची कापडं, इथेच खपतात. बोट आली की इथे, गेली की तिथे. तुमच्यासारखी रुसून नाही बसले.

बाबा : रुसलो नाही. लग्न करून मी या घरात आलो, इथेच राहणार.

मावशी : आपल्यात सगळेच घरजावई, त्यात कौतुक कसलं? घर बाईचं. ताईमागे नेलिदाचं. ती नेईल तिकडे घर.

नेलिदा : मावशी, राहू दे. बाबा, आई गेल्यापासून तुम्ही गळ टाकलाय का?

बाबा : मासे कमी झालेत.

नेलिदा : मग रोज पहाटे होडी कुठे जाते?

मावशी : साऱ्या बेटाला ठाऊक आहे.

बाबा : मुख्य भूमीवर. नदीकाठी. तुझ्या आईला पुरलंय तिथे. थडग्यावरचं छप्पर गळतं, झावळ्या बदलाव्या लागतात.

नेलिदा : नवं गाव त्याच नदीवर आहे. आईकडे चालत जाता येईल.

बाबा : आणि माशांकडे?

नेलिदा : आजवर मासे दारात होते आणि आई लांब. आता उलटं. किनाऱ्यावर होड्यांसाठी मांडव घालतोय आम्ही सगळे. तुमची होडी पहिली लागेल.

मावशी : आणि मासे आणून द्या मला. धुरावर सुकवून पाहुण्यांना विकते. पण गळ टाकायला हवा, भावोजी.



बाबा : त्या सिमेंटच्या घरात झोपायची झोळी टांगायला खांब तरी आहेत का?

नेलिदा : भिंतीत आकडे ठोकून आलेय.

बाबा : माझी नदीकडच्या बाजूला टांग.