गोल्फच्या काठीला नारळ

तुम्ही काही म्हणा, पण देवासात गोल्फआधी नारळ फोडायची पद्धत मीच पाडली. ब्याऐंशी साल असेल. आमच्या कारखान्यात नवे मोठे साहेब आले आणि मागच्या माळावर झेंडे रोवून त्यांनी गोल्फ सुरू केलं. मला विचारलं, "आप खेलते हैं?" मी पडलो धारचा, नाही म्हणायची सवय नाही. म्हणालो, "बचपन से."

रविवारी सगळ्या खात्यासमोर काठी हातात घेतली आणि एका चेंडूचे तीन दिसायला लागले. आता थाप उघडी पडणार, तेवढ्यात नव्या मशीनची पूजा आठवली. म्हटलं, "साहब, नारियल फोड़े बगैर हम नए औजार को हाथ नहीं लगाते."

स्टोअरचा मालवीय स्कूटरवरून नारळ आणायला निघाला. जाताना माझ्या कानात म्हणाला, "भिया, आराम से लाऊंगा."

अर्धा तास मी साहेबांना पूजा न केलेल्या मशीनींच्या कथा सांगितल्या. एकीचा पहिल्याच दिवशी पट्टा तुटला, दुसरीची मोटर जळाली. सांगता सांगता तीन चेंडूंचा पुन्हा एक केव्हा झाला, कळलंही नाही.

नारळ फुटला, मी चेंडू मारला, तो सरळ झेंड्याकडे गेला.

मग साहेब. वीस वर्षं गोल्फ खेळत आलेले, पण चेंडूपुढे उभे राहिले ते उभेच. शेवटी काठी खाली ठेवून म्हणाले, "मालवीय, एक और ले आओ. मेरी वाली पे तो आज तक फोड़ा ही नहीं."