सावळारामांचं निळं उत्तर

सोनम : आबा, परत सगळं निळं झालं.

सावळाराम : सगळं म्हंजे किती?

सोनम : पहिल्या ओळीपासून थेट तुमच्या नावापर्यंत. अख्खा लेखच लिंक झालाय. कुठंही बोट लावा, एकच उत्तर येतंय, 'पान सापडत नाही'.

सावळाराम : ऱ्हाऊ दे निळं. शाईनं लिवल्यावानी दिसतंय.

सोनम : राहू कसं देणार? गोल कंस बंद करायचा राहिलाय तुमचा. पत्ता संपला की लगेच बंद. चौथ्यांदा सांगतेय मी.

भामाबाई : तू चारदाच सांगितलंस. आख्खं लासुर्णं बत्तीस वर्षं सांगतंय त्यास्नी, बंद करत जावा म्हणून.

सावळाराम : तू शेंगा फोड. तुझं हितं काय काम न्हाय.

भामाबाई : फोडतीया की. कान कुठं ठिऊ?

सोनम : आई, तुम्ही थांबा जरा. आबा, मला आधी नीट सांगा, हे पाच वाजायचं काय आहे? मी बारामतीहून आले ती टेकलेसुद्धा नाही, तुम्ही मोबाइल हातात दिलात.

सावळाराम : पाचला माझा लेख काढून टाकत्यात.

सोनम : कोण काढतंय?

सावळाराम : ती इरा. लेखणीकट्ट्याची पाटलीण.

सोनम : वेबसाइटची संपादक म्हणा, आबा.

सावळाराम : तेच ते. तिनं नोटीस धाडली. वाच, तुझ्याच हातात हाय.

सोनम : 'नमस्कार सावळारामजी. कट्ट्यावर कोणाच्या लेखाला उत्तर लिहिताना मूळ लेखाची लिंक देणं बंधनकारक आहे. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत लिंक न दिल्यास आपला लेख नाइलाजाने मागे घ्यावा लागेल.' चांगलंच लिहिलंय की. नमस्कार पण घातलाय.

सावळाराम : नोटिशीत नमस्कार असतोच. मी अठ्ठावीस वर्षं पाटकरी हुतो, कालव्याचं पाणी सोडायचो, शेतकऱ्यांस्नी पाणी तोडायच्या चिठ्ठ्या मीच न्यायचो. वर 'सप्रेम' लिवलेलं असायचं.

सोनम : मग लिंक द्यायची आणि मोकळं व्हायचं. एवढं काय त्यात?

सावळाराम : एवढं काय? अगं, माझा लेख कशावर हाय? विजयसिंहानं माझी अब्रू काढली, त्याच्यावर. आन् मीच माझ्या लेखात त्याच्या घरची वाट दावू? माणसं माझ्याकडं आल्यात, त्यांस्नी मी हातानं उठवून त्याच्या वसरीला न्हेऊन बसवू?

सोनम : वाचणाऱ्याला दोन्ही बाजू कळायला नकोत का?

सावळाराम : माझी कळली की बास हाय.

सोनम : किती जणांनी वाचलाय तुमचा?

सावळाराम : दोनशे चाळीस. बासष्ट जणांनी अंगठा दाबला. एकानं तर लिवलंय, 'सावळारामजी, सत्य कधी लपत नाही.' नागपूरचा माणूस हाय. त्याला ना आमची चारी म्हाईत, ना कालवा, तरी बघ.

सोनम : आणि ही कोण अबोली? 'सर, आपण मूळ लेख वाचलात का?'

सावळाराम : तिला उत्तर दिलं न्हाय मी. पोरकट सवाल.

सोनम : बरं, चला. साडेतीन झालेत. आधी चौकोनी कंस. त्यात शब्द लिहायचे, जे लोकांना दिसणार ते. काय लिहिलंत?

सावळाराम : 'खोटारड्याचं लिखाण'.

सोनम : आबा.

सावळाराम : का? खरं हाय ते.

सोनम : इरा पाचची वाट पण बघणार नाही. 'मूळ लेख' लिहा.

सावळाराम : मूळ कसला त्याचा? मूळ म्या हाय. चारीच्या पाण्याचं दार माझ्या ताब्यात हुतं.

सोनम : मग 'विजयसिंह गुरुजींचा लेख' लिहा.

सावळाराम : गुरुजी काढ.

सोनम : आयुष्यभर शाळेत शिकवलं त्यांनी!

सावळाराम : मला न्हाय शिकीवलं. काढ.

भामाबाई : काढलं तरी गाव गुरुजीच म्हणतंय. लिव पोरी तसंच.

सोनम : राहू द्या. कंस बंद केला. आता त्याला लागूनच गोल कंस. मध्ये जागा सोडायची नाही. इथे का सोडलीत?

सावळाराम : दोन कंस म्हंजे दोन बांध. मधी चालायला वाट नगं?

सोनम : नको. वाट सोडली की लिंक तुटते. आता पत्ता. हा काय प्रकार आहे? हा पत्ता तुम्ही हाताने टाइप केला?

सावळाराम : मग? आधी वहीत उतरवून घेतला. ही बघ, पाऊण पान झालं. मग वहीतनं बघून एकेक अक्षर दाबलं. दोन तास गेलं.

सोनम : अहो, कॉपी करायचा असतो! बोट दाबून धरलं की येतो आपोआप.

सावळाराम : नकलेवर माझा इस्वास न्हाय. दाराची नोंद मी कधी दुसऱ्याच्या वहीतनं उतरवली न्हाय. दारावर उभं ऱ्हायचं, पट्टीवरचं पाणी बघायचं, आपल्या हातानं लिवायचं.

सोनम : त्यात एकोणनव्वद अक्षरं आहेत आणि तीन चुकलीत. म्हणून पान सापडत नाही.

सावळाराम : तीनच? एकोणनव्वदात तीन म्हंजे काय वाईट न्हाय.

सोनम : इथे एक चुकलं तरी सगळं चुकतं, आबा. धरा, इथे बोट दाबून धरा. अजून. सोडू नका. आलं? 'कॉपी' दाबा. आता गोल कंसात बोट टेकवा. 'पेस्ट'.

सावळाराम : आला की गं! आख्खा आला!

सोनम : आता काय करायचं?

सावळाराम : काय करायचं?

भामाबाई : बंद करायचं!

सावळाराम : करतोय, करतोय. दोघीजणी मिळून नका वरडू. हे बघ, केला बंद. बाकी समदं काळं ऱ्हायलं, न्हवं? तीनच शब्द निळं.

सोनम : शाबास. आता तपासायचं. त्या निळ्यावर दाबा.

सावळाराम : मी न्हाय दाबणार. त्याचं पान ह्या बोटानं उघडायचं न्हाय मला.

सोनम : न तपासता लावायची? उद्या चुकीची निघाली तर?

सावळाराम : न तपासता हालायचं न्हाय, ह्यो कायदा तू मला सांगतीस? दार बंद केलं की दहा पावलं जाऊन पाठीमागं बघायचं. रोज बघायचो मी.

सोनम : मग बघा ना आता.

सावळाराम : दाबलं. उघडलं. हाय त्याचाच फोटू. टोपी तर बघ कशी घातलीया. झालं काम, बंद कर.

सोनम : थांबा. हा तर बराच मोठा आहे. खाली खूप आहे अजून.

सावळाराम : मोठा कुठला? चार ओळी हायत्या.

सोनम : कोणी सांगितलं चार ओळी?

सावळाराम : शेजारच्या दीपकनं धाडल्या की व्हॉट्सॲपवर. 'काका, तुमच्यावर लिहिलंय' म्हणून. मला पाठ हायत्या. 'ब्याण्णव साली आमच्या चारीचं दार उघडं राहिलं आणि धोंडाबाईंचा काढायला आलेला कांदा सकाळपर्यंत पाण्यात बसला. त्या दिवशी पाळी सावळारामची होती. दुसऱ्या दिवशी गावानं त्याच्यावर जो ठपका ठेवला, तो आजही पुसलेला नाही.' झालं. संपलं.

सोनम : त्याच्याखाली काय होतं?

सावळाराम : 'पुढे वाचा' असं काय तरी हुतं.

सोनम : मग वाचलं नाहीत पुढे?

सावळाराम : त्याच्यापुढं वाचायला ऱ्हायलं काय? माझं नाव घेतलं, उघडं दार घेतलं, कांदा बुडीवला. आणि कशाला वाचू? लगेच बसलो आन् एकोणीस मुद्दे काढलं. चार दिस चष्मा न्हाय उतरवला.

सोनम : आबा, तुम्ही एकोणीस मुद्द्यांचं उत्तर लिहिलंत आणि लेख वाचलाच नाहीत?

भामाबाई : लगीन ठरवताना मलाबी आसंच बघितलं हुतं. उंबऱ्यातनंच.

सावळाराम : तू वाच गं सोनम, वाचायचंय तर. मनात वाच.

सोनम : मोठ्यानेच वाचते. ऐका. 'मी हे मुद्दाम आधी लिहिलं, कारण गावाला एवढंच माहीत आहे. आता माहीत नसलेलं लिहितो. त्या दिवशी सावळारामने दिवस मावळायच्या आत दार बंद केलं. मी माझ्या उसात उभा होतो आणि मी ते पाहिलं. दहा पावलं जाऊन त्याने नेहमीप्रमाणे मागे वळूनही पाहिलं.'

सावळाराम : काय म्हणला?

सोनम : 'माझ्या उसाच्या शेवटच्या दोन सऱ्या कोरड्या राहिल्या होत्या. तो दिसेनासा झाल्यावर मी दार पुन्हा उचललं. अर्ध्या तासात परत खाली टाकीन, असं ठरवलं होतं. तेवढ्यात घरून निरोप आला, आमच्या सुकन्येला बघायला वरकुट्याचे पाहुणे आलेत. मी तसाच घरी गेलो. पोहे झाले, चहा झाला, पाहुण्यांनी मुलगी पसंत केली. त्या आनंदात मी दार विसरलो.'

भामाबाई : अगं बया!

सोनम : 'सकाळी गाव जमलं. मला विचारलं, गुरुजी, तुम्ही काय पाहिलं? मी म्हणालो, दार उघडं होतं. ते खोटं नव्हतं. पण लग्न ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी, चार माणसांत, मी पुढचं वाक्य बोललो नाही. ते वाक्य बोलायला मला आजवर धीर झाला नाही. लिहायला मात्र झाला. दार मी उघडलं. सावळाराम हे वाचेल की नाही, मला माहीत नाही. तो माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.'

(सावळाराम मोबाइलजवळ सरकतात.)

सोनम : आबा?

सावळाराम : परत वाच. ते बंद केल्यालं.

सोनम : 'सावळारामने दिवस मावळायच्या आत दार बंद केलं. मी ते पाहिलं.'

सावळाराम : अजून एकदा.

भामाबाई : पाणी देऊ का तुमास्नी?

सावळाराम : पाणी नगं. माझा लेख आतापतूर किती जणांनी वाचला?

सोनम : आता दोनशे त्रेपन्न.

सावळाराम : म्हंजे मगापसनं आणखी तेरा. आन् त्यात मी त्याला काय काय म्हणलोय, सांग.

सोनम : 'लबाड', तीन वेळा. 'सरड्याचा भाऊ', एकदा. सतराव्या मुद्द्यात त्यांच्या टोपीवर आहे.

सावळाराम : टोपीचं ऱ्हाऊ दे. टोपीचं खरं हाय. बाकी समदं पूस.

सोनम : एकोणीसच्या एकोणीस?

सावळाराम : पूस. नगं, थांब. माझं मी पुसतो. कसं पुसत्यात?

सोनम : हे सगळं निवडा, आणि हे बटण. झालं. आता नुसती लिंक उरली. पण नुसती लिंक दिसायला कशी तरी दिसते. वर दोन शब्द लिहा.

सावळाराम : लिव, 'वाचकहो, मी घाई केली. माझं उत्तर मागं घेतलंय. गुरुजींनी लिवलंय ते बरोबर हाय.'

सोनम : गुरुजी?

सावळाराम : लिव की तू. मास्तरणीवानी परश्न नगं विचारू.

सोनम : लिहिलं. नागपूरवाल्यांचं काय करायचं? त्यांनी आताच आणखी एक टाकलंय, 'अशांना धडा शिकवायलाच हवा'.

सावळाराम : त्याला सांग, घरी जा म्हणावं.

सोनम : आणि ती अबोली? तिला उत्तर द्यायचं राहिलंय. 'आपण मूळ लेख वाचलात का?'

सावळाराम : तिला लिव, 'वाचला. आजच.' एवढंच. आन् इराताईला नमस्कार घाल माझा.

सोनम : झालं, आबा. चार वाजून दहा मिनिटं. प्रकाशित करू?

सावळाराम : कर.

भामाबाई : मी म्हणते, बंद केलं हुतं तुमी, तर ते कांद्याचं काय?

सोनम : कसलं कांद्याचं, आई?

भामाबाई : दर साली, कांदा निघाला की एक गोणी धोंडाबाईच्या दारात नेऊन ठिवत्यात. पहाटंचं, कुणी उठायच्या आत. तिला वाटतंय भाचा धाडतोय. मला सांगितलं न्हाय, पण गोण्या मी मोजती.

सोनम : आबा, तुम्ही तर म्हणत होतात, दार बंद केलं म्हणून!

सावळाराम : म्हणत हुतो.

सोनम : मग गोणी कशाला?

सावळाराम : दहा पावलं गेलो, पाठीमागं बघितलं, येवढं ध्यानात हुतं. पण ते त्याच दिवशीचं का आदल्या दिवशीचं, त्याचा काय मेळ लागंना. रोजच बघायचो ना मी. समदे दिस सारखंच.

सोनम : बत्तीस वर्षं?

सावळाराम : गावाशी भांडताना दार बंद असायचं. निजायला गेलं की उघडं.

भामाबाई : आन् मला एका शब्दानं सांगितलं न्हाय.

सावळाराम : तू म्हणाली असतीस, ऱ्हायलंच असंल. मग कुठं गेलो असतो मी?

भामाबाई : तसंच म्हणाले असते, व्हय.

सोनम : मग यंदापासून गोणी बंद ना?

सावळाराम : बंद कशापायी? तिला कांद्याची सवय झालीया. सोनम, त्या पानाखाली विजयसिंहाचा फोन नंबर हाय का बघ.

सोनम : आहे. काय बोलणार आहात?

सावळाराम : सांगतो, मंगळवारी पहाटं ये म्हणून. औंदाची गोणी त्यानं उचलायची. मी नुसता संगं चालीन.